कानशीच्या पटाश्या

डेल्बर्ट टॅन्सिल लेथला, लाकूड कातायच्या यंत्राला, घाबरतो, हे आमच्या रीलफूट तळ्यावर आधी कुणाला खरंच वाटेना. अगं, तीस वर्षं शिकाऱ्यांसाठी बदकं बोलवायच्या पिपाण्या कातणारा माणूस तो! त्यानं कातलेली पिपाणी फुंकली की वरनं चाललेलं बदक मान वळवून खाली बघणार म्हणजे बघणार.

पण झालं काय, मार्चात बोडार्क कातताना हातातली पटाशी तुटली. बोडार्क म्हणजे ते पिवळं लाकूड, नुसता दगड. पटाशीचा तुकडा उडाला तो डाव्या डोळ्याखाली रुतला. बोटभर वर लागता तर डोळाच गेला असता. जखम भरली, पण लेथ गरगरायला लागला की ह्याच्या पाठीवरनं घामाची धार.

आमच्याकडे पिपाणीवाले पटाश्या विकत घेत नसत. जुनी कानस घ्यायची, धार लावायची, मूठ ठोकायची, झाली पटाशी. कानस कडक खरी, पण काचेसारखी. लाकडात अडकली की वाकत नाही, ताडकन तुटते. डेल्बर्टच्या बापानं, ओटिसनं, तशा आठ केलेल्या. एक तुटली, सात उरल्या.

डेल्बर्टची बायको निवा म्हणाली, "नवी पटाशी आणा, नाहीतर लेथ विका. मला आंधळा नवरा नकोय."

त्यानं दुकानातनं चांगल्या पोलादाची आणली आणि लपवली कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यामागं. बापाला सांगायची छाती होईना.

एका सकाळी ओटिस मुलाच्या कामाच्या खोलीत कॉफी प्यायला आला. ऐंशीचा म्हातारा, पण जीभ केवढी!

"काय रे, लाकडाकडं नुसता बघत बसतोस? लग्न ठरवतोयस का त्याच्याशी?"

आणि स्वतःच कानशीची पटाशी उचलून त्यानं खटका दाबला. तोंडावर काही नाही, नाक लाकडापासून वीतभर. पातं लाकडाला टेकणार, तेवढ्यात डेल्बर्टनं झडप घालून लेथ बंद केला.

"बाबा, नको!"

"भ्यालास?"

"भ्यालो. इतके दिवस माझ्यासाठी भीत होतो, आज तुमच्यासाठी."

डेल्बर्टनं बापाच्या हातातली पटाशी घेऊन शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, वर गोणपाट गुंडाळलं आणि हातोडीचा एकच टोला दिला. ताडकन दोन तुकडे. ओटिसनं तुटका तुकडा उजेडात धरला. आत मिठासारखे करडे कण, नुसता ठिसूळपणा.

"दुसरी लाव," म्हणाला, आणि हातोडी आपल्या हातात घेतली.

सहा तुटल्या. सातवी तीन टोल्यांनी तुटली नाही.

"हिचा भरवसा?"

"नाही, बाबा."

म्हाताऱ्यानं चौथा हाणला, तेव्हा तीही तुटली. मग स्टुलावर बसला. "दहा वर्षांचा होतास तू, तेव्हा मी ह्याच पटाश्या हातात देऊन तुला लेथसमोर उभा केला," एवढंच बोलला.

डेल्बर्टनं कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यामागनं नवी काढली.

"मूठ केवढी ही! होडी वल्हवायचीय?" बाप म्हणाला, पण खुर्चीवर पडलेला, तोंड वाचवायचा पारदर्शक मुखवटा त्यानंच मुलाच्या डोक्याला बांधला. मग भिंतीपर्यंत मागं सरला.

डेल्बर्टनं खटका दाबला. घाम आलाच. पातं टेकलं. पिवळी साल लांबलचक निघाली, मग दुसरी.

"श्वास घे, गाढवा," भिंतीकडनं आवाज आला.

तेव्हा कुठं डेल्बर्टनं रोखलेला श्वास सोडला.