सरांच्या गादीला वारस

आखातातल्या फुजैरा बंदरावरच्या त्या म्हाताऱ्या इंग्रज इन्स्पेक्टरांनी मला क्रेनच्या परीक्षेत इंग्रजीऐवजी हिंदीत उत्तरं देऊ दिली, म्हणून सातवीत शाळा सोडलेला मी इथे टिकलो. नाहीतर कंपनी मला घरीच पाठवणार होती.

हेल्मेट रुमालाने पुसून ते मुकुटासारखं डोक्यावर ठेवायचे. त्यांच्या घराण्यात 'सर' ही पदवी बापाकडून मुलाकडे येत आलेली. साइटवर आम्ही सगळ्यांनाच सर म्हणायचो, त्यामुळे तिचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

एकदा चहा पिताना ते म्हणाले, "चार लडकी, लडका नहीं. भाई-भतीजा भी नहीं. मैं गया, टायटल खलास."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "सर, मुलगा दत्तक घ्या ना. आमच्या गावच्या खोतांनी घेतला."

"दत्तक नहीं चलता. कानून है."

मी भीतभीत म्हणालो, "झाशीलाही तुमच्या लोकांनी हेच सांगितलं होतं, सर."

चहा सांडेपर्यंत हसले. म्हणाले, "तो अब हमारा संस्थान खालसा."

त्यांचे उपकार मी फेडणार आहे. तिकडचा कायदा बदलला, की माझा धाकटा त्यांना दत्तक देईन. बायकोला अजून विचारलेलं नाही.