न विरघळणारं औषध

तिला सगळे भिंगरी म्हणत. प्रयोगशाळेतही ती उभ्यानेच चहा प्यायची आणि सारखी कुपी उजेडाकडे धरून पाहायची. काम होतं कॅन्सरच्या एका औषधाचं. औषध जालीम, पण पाण्याला पाण्यात पाहणारं; काही केल्या विरघळायचं नाही. म्हणून रुग्णाला ते तेलकट द्रावकात मिसळून देत, आणि तो द्रावकच कित्येकांना बाधायचा. भिंगरी रक्तातल्याच एका प्रथिनाचे, डोळ्यांना न दिसणारे कण करून त्यांच्या पोटात औषध दडवू पाहत होती.

त्यातच तिच्या थोरल्या बहिणीला, ताईला, नेमकं तेच औषध सुरू झालं. पहिल्याच सलाइनला ताईचा चेहरा लालबुंद झाला, श्वास कोंडला. नर्सने धावत येऊन नळी बंद केली. भिंगरी शेजारी नुसती उभी.

त्याच आठवड्यात तिच्या कुपीतलं द्रावण प्रथमच नितळ राहिलं; औषध कणांत सामावलं होतं. आनंदाच्या भरात ती ताईकडे बोलून गेली.

"मग आण की माझ्यासाठी," ताई म्हणाली.

"अगं, ते अजून उंदरांनाही दिलेलं नाही."

"तू केलेली पहिली करपलेली भाजी कोणी खाल्ली होती? मीच ना?"

भिंगरीला हसू आलं नाही. ती नाही म्हणाली. ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुढे फोनही उचलेना.

भिंगरीचा जीव थाऱ्यावर राहिना. बस सोडून ती पायीच घरी जायची. कितीदा तरी तिने प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला, कुपी हातात घेतली, परत ठेवली. मग एका दुपारी पाहते तर द्रावण गढूळ. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसले होते. हे ताईच्या शिरेत गेलं असतं तर? ती स्टुलावर बसून राहिली.

संध्याकाळी ताईकडे जाऊन तिने सगळं सांगून टाकलं.

"बरं झालं माझं ऐकलं नाहीस," ताई म्हणाली. "पण मी रागावले होते, ते मागे घेणार नाही."

डॉक्टरांनी आधी रिअ‍ॅक्शनविरोधी इंजेक्शनं देऊन तेच जुनं औषध अगदी सावकाश सोडलं, आणि ताईने ते निभावलं. त्या औषधाने तिची बोटं मात्र बधिर झाली. तिची बटणं आता भिंगरी लावून देते. कण टिकवायला तिला आणखी वर्ष लागलं. आत्ता कुठे उंदरांवर चाचणी सुरू झाली आहे. ताईच्या तपासणीच्या सकाळी दोघी एकमेकींना धीर देतात, आणि दोघींनाही तो पुरत नाही.