कोथिंबिरीखालचा काटा
माझ्या जुन्या विज्ञानकथांच्या पुस्तकाला अजून कोथिंबिरीचा वास येतो. परग्रहावरचे व्यापारी तिथल्या शिपायांना कसे चकवतात, ही त्यातली गोष्ट मी मालेगावच्या बाजारात एका भाजीवाल्या काकूंना सांगत होतो. तेवढ्यात वजनमापाचे साहेब आले. काकूंनी शिक्का नसलेला काटा माझ्या पिशवीत पुस्तकावर सरकवला, वर कोथिंबीर पसरली आणि वांग्यांचे वाटे मांडले. "काटा कुठाय?" साहेबांनी विचारलं. "काटा कायले पायजे सायेब? आमी वाट्यानं इकतो." "वाट्यात किलो भरतो का?" "मले काय मालूम? तुमच्या काट्यावर पाहा." साहेब एक वाटा घेऊन गेले. काकू काटा काढत म्हणाल्या, "मंग भाऊ, तुमच्या व्यापाऱ्यायनं काय केलं?" एवढ्यासाठी त्या व्यापाऱ्यांना अख्खं अंतराळयान लागलं होतं, हे सांगायची मला आजही लाज वाटते.