घासून काढलेला पेला

आमची ही झिओलाइट बनवते. झिओलाइट म्हणजे पांढरी भुकटी. तिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि त्यांतून ठरावीक मापाचेच रेणू आत जातात. कपड्यांच्या साबणापासून तेलाच्या कारखान्यापर्यंत सगळीकडे ती लागते. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

ती भोकं नीट पडावीत म्हणून मिश्रणात एक घाणेरडं रसायन घालतात आणि नंतर भट्टीत जाळून टाकतात. त्या धुराने हिला कायमचा खोकला जडला. ते रसायनच नको, या एका हट्टापायी हिने केस पांढरे केले. आणि एकदाचं जमलं! पोलादी डब्यातल्या टेफ्लॉनच्या पेल्यात, रसायनाशिवाय, सुबक स्फटिक तयार झाले. हिच्या सरांनी लगेच जगजाहीर केलं.

तिथेच माशी शिंकली. दुसऱ्या प्रयोगशाळेने तसंच करून पाहिलं, तर नुसता चिखल. हिने पुन्हा केलं, तरी चिखल. सर म्हणाले, "बाई, आता निकाल मागे घ्यावा लागेल."

मागे घेणं म्हणजे हिने आकडे रचले, असंच लोक म्हणणार. ही जेवेना. मी "होईल गं" म्हटलं की अंगावर धावून येई. मला त्या चिखलाचा भयंकर राग आला होता.

एका सकाळी केस विंचरता विंचरता ही थबकली. "अहो, पेले मीच घासले!"

झालं होतं असं : यश मिळाल्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणून हिने सगळे पेले कॉस्टिक सोड्याच्या जहाल पाण्यात उकळून लख्ख केले होते. पहिल्या वेळी पेला नुसता विसळलेला होता. जुन्या पद्धतीच्या झिओलाइटचे कण त्याच्या कडेला चिकटून राहिले असणार.

"तेच विरजण झालं," ही म्हणाली.

"म्हणजे तुझं काहीच नाही?" मी बावळटासारखं विचारलं.

"तेच बघायचंय. जाणूनबुजून चिमूटभर घालून जमलं तर पद्धत माझी. नाहीतर संपलं सगळं."

सरांकडून शेवटची संधी मागून घेतली. लख्ख पेला, जुन्या स्फटिकांची चिमूट, रसायन नाही. डबा उघडला तेव्हा आत चिखल नव्हता. हे स्फटिकच, असा क्ष-किरणांच्या यंत्रानेही होकार दिला. तरी हिचा जीव भांड्यात पडेना. "माझा पेला स्वच्छ नव्हता, चिमूट घालून बघा," असं हिने त्या दुसऱ्या प्रयोगशाळेला सरळ कळवून टाकलं.

त्यांचा फोन आला तेव्हा ही स्वयंपाकघरात होती. ऐकलं, फोन ठेवला आणि फरशीवरच बसली.

"तिकडेही जमलं," म्हणाली आणि ढसाढसा रडली. "खोटी नव्हते हो मी."

मीही शेजारी बसलो. मला ते आधीपासून ठाऊक होतं. पण नवऱ्याला ठाऊक असून काय उपयोग, त्या लोकांना पटायला हवं होतं.