योगिनी टिकारचा पासवर्ड

योगिनी टिकार खोलीत शिरली की आधी तिचं नाक शिरतं, आणि ते मुरडलेलंच असतं. नासलेल्या दुधाचं पातेलं कुणी पुढ्यात धरावं तसा चेहरा. खामगावच्या त्या साठ खाटांच्या खाजगी दवाखान्यात सगळ्यांना तो पाठ आहे. कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी बाई स्पिरिटचा बोळा फिरवते, म्हणून पाठीमागे तिला ‘स्पिरिटबाई’ म्हणतात. म्हणेनात का! कीबोर्ड उलटा करून आपटला की त्यातून शेव पडते, तंबाखूच्या खर्ऱ्यातली सुपारी पडते, एकदा तर कापलेलं नख पडलं. ते नख कागदावर घेऊन ती तिन्ही मजले फिरली, ‘कोनाचं हाय?’ विचारत. कोण कबूल होतंय!

बाई छत्तीस वर्षांची. दवाखान्यातले एकतीस कॉम्प्युटर, त्यांच्या वायरी, प्रिंटर, कॅमेरे, सगळं तिच्या एकटीच्या माथी. शिवाय शनिवार-रविवार ती ऑनलाइन एम.टेक. करते. नोकरी करणाऱ्यांसाठीचा कोर्स आहे, विषय नेटवर्कची सुरक्षा. वर्गात बाकीचे पुण्या-हैदराबादच्या मोठ्या कंपन्यांतले. पहिल्याच दिवशी हिनं ‘सर, आवाज कटून राह्यला’ म्हटलं आणि पडद्यावरचे चौदा चौकोन हसले. योगिनीनं नाक मुरडलं आणि पहिल्या सहामाहीत त्या चौदाही जणांच्या वर नंबर काढला.

शेवटच्या सहामाहीत प्रकल्प आला. जिथं नोकरी करता तिथलंच नेटवर्क अभ्यासायचं. कुणाच्या नावानं, कुठल्या यंत्रावरून, किती वाजता कोणते कागद उघडले गेले, याची सलग नव्वद दिवसांची नोंद तपासायची. आणि शेवटच्या पानावर दवाखान्याच्या व्यवस्थापकाची सही-शिक्का. तो नसेल तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी परीक्षा नाही तर पदवीही नाही.

नोंदी उघडल्या आणि पहिली सापडली पूनम. ही नर्स दोन वर्षांपूर्वी लग्न करून अकोल्याला गेली. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ती अजून इथंच राबत होती. सकाळी सहाला, दुपारी दोनला, पहाटे तीनला, कधी तर एकाच मिनिटाला दोन मजल्यांवर. तिचा पासवर्ड सोपा होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता, म्हणून सगळा वॉर्ड पूनम होऊन काम करत होता. योगिनीला शिसारी आली. सगळ्या घरानं एकाच ब्रशनं दात घासावेत, तसला प्रकार. तिनं पूनमचं नाव बंद केलं आणि आठवडाभर वॉर्डाची बोलणी खाल्ली.

मग एका मंगळवारी डिंपल आली.

डिंपल योगिनीच्या गावची, वरवट बकालची. शेजारच्या घरातली सून, वय तेवीस. तीन महिन्यांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचा गर्भ पडला होता, याच दवाखान्यात. तपासणीला आली होती, तेवढ्यात ओळखीनं योगिनीच्या खोलीत येऊन बसली आणि मोबाइल पुढे केला.

‘ताई, हे पाहा. लेकराच्या सामानाची कोनती तं कंपनी हाय. म्हने, सातवा महिना लागला, अभिनंदन, डोहाळजेवनाले आमचा संच पाठवू का. मी सांगतलं त्याईले, बाई, लेकरू नाई राह्यलं. तं दुसऱ्या दिवशी दुसरीच पोरगी बोलते. त्याईच्याजोळ माही तारीख हाय, ताई! ते त मी इथंच सांगतली होती.’

‘पाहतो मी,’ एवढंच योगिनी म्हणाली, आणि डिंपल गेल्याबरोबर दार लावून नोंदी घेऊन बसली.

शोधायला अर्धा तासही लागला नाही. रोज दुपारी चारला, एकाच यंत्रावरून, गरोदर बायांची यादी बाहेर निघत होती. नाव, गाव, मोबाइल आणि बाळंतपणाची तारीख. कुणाच्या नावानं? ज्याचं नाव निघेल त्याच्या तोंडावर योगिनी मनातल्या मनात आधीच थुंकली होती. त्या रकान्यात प्रत्येक ओळीला लिहिलं होतं: योगिनी टिकार.

वाचताना आपली ओळ चुकली असं तिला वाटलं. चुकली नव्हती. यंत्र राजकुमारदादांच्या खोलीतलं होतं.

राजकुमारदादा दवाखान्याचे व्यवस्थापक, मालक डॉक्टरांचे सख्खे थोरले भाऊ आणि तेही वरवट बकालचेच. वडील गेल्यावर घरात बसून राहिलेल्या योगिनीला त्यांनीच बोलावून या खुर्चीत बसवलं होतं. दीड वर्षापूर्वी, तिची पहिली परीक्षा चालू असताना, त्यांचा फोन आला होता. ‘बाई, छपाई अडकली. तुहा पासवर्ड सांग.’ तिच्या पासवर्डनं दवाखान्यातलं प्रत्येक दार उघडतं. ‘एका पासवर्डचा एकच धनी’ हे वाक्य तिनं त्याच आठवड्यात उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. तरी तिनं पासवर्ड सांगितला. दादांना नाही कसं म्हणायचं?

बरं, सांगितला तर सांगितला, दुसऱ्या दिवशी बदलायचा. तोही तिनं बदलला नाही. दादा कधीतरी पुन्हा टाकून बघतील, उघडणार नाही, आणि ते विचारतील, माझ्यावर भरोसा नाही का? या एका प्रश्नाच्या भीतीनं आपली शहाणी बाई दीड वर्ष गप्प बसली होती.

संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत गेली. दादांनी काही लपवलं नाही.

‘यादी? देतो ना. त्या लेकराच्या सामानवाल्या कंपनीचा मानूस येते रोज. बाळंतीनीच्या वॉर्डात तो नवा वजनकाटा हाय ना, त्याईनंच देल्ला. बायाईलेबी नमुन्याचं काहीबाही भेटते. त्यात काय एवढं?’

‘माह्या नावानं, दादा?’

‘मंग माह्या नावानं उघडते का ते?’ दादा मनापासून हसले. ‘अन् तुह्या त्या कागदावर सही कधी पाह्यजे? आनजो. मी काही वाचत नाई, शिक्का ठोकून देतो.’

त्या वजनकाट्याचं कौतुक योगिनीनंही केलं होतं. तान्ह्या पोरांना त्यावर उघडं ठेवून वजन घेतात आणि बाजूला कंपनीचं गुलाबी चित्र.

तिनं पुण्याला अनंत सरांना फोन लावला. प्रकल्पाला मार्गदर्शन तेच करत होते. सरांना फार आनंद झाला. ‘उत्तम सापडलंय तुम्हाला! पण आता काही हलवू नका. शहाऐंशी दिवस झालेत, फक्त चार राहिलेत. मध्येच पासवर्ड बदललात तर नोंद तुटेल. आणि स्वतःचं नाव कशाला घालता? एक वापरकर्ता, एवढं लिहा.’ माणूस वाईट नव्हता. तिच्या भल्याचंच सांगत होता.

आणि योगिनी हो म्हणाली.

बुधवारी चारला यादी निघाली. नव्या अकरा बाया. गुरुवारी निघाली, नऊ. ती आपल्या खुर्चीत बसून पडद्यावर ते बघत होती. कुणी जलंबची, कुणी पार लोणारकडच्या सुलतानपूरची, कुणाचा तिसराच महिना, घरातही अजून सगळ्यांना सांगितलं नसेल. प्रकल्पाचा तक्ता मात्र छान भरत होता. तिनं कीबोर्ड स्पिरिटनं पुसला, मग टेबल, मग पुन्हा कीबोर्ड. बोटांची सालं निघायला आली. लोकांच्या नखांची घाण काढत फिरलेल्या बाईला आता स्वतःच्या हातांची किळस येत होती, आणि ती स्पिरिटनं जाणारी नव्हती.

शुक्रवारी दुपारी डिंपल रिपोर्ट न्यायला आली. ‘सापडलं का, ताई? कालबी आला होता फोन.’

योगिनीनं तिच्याकडे बघणं टाळलं. ‘तू असं कर डिंपल, नंबर बदलून टाक.’

डिंपल रडली नाही की आवाज चढवला नाही. ‘मी काऊन बदलू?’ ती म्हणाली. ‘मी काय केलं?’

रिपोर्ट पिशवीत घालून ती निघून गेली. दादांना वाईट वाटेल म्हणून दीड वर्ष, आणि तक्ता तुटेल म्हणून तीन दिवस, जिला स्वतःचा पासवर्ड बदलवला नाही, ती बाई लेकरू गेलेल्या पोरीला नंबर बदल म्हणून सांगत होती. थू असल्या शिक्षणावर, असं योगिनीच्या मनात आलं, आणि मग वाटलं की शिक्षणाचा यात काय दोष!

पावणेचारला तिनं पासवर्ड बदलला. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग अठ्ठ्याऐंशी दिवसांचा तक्ता छापला. रकान्यातलं नाव तसंच ठेवलं. खाली पेनानं लिहिलं, ‘पासवर्ड मी स्वतः सांगितला होता. कळल्यावरही तीन दिवस मी तो बदलला नाही.’ एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आली. भाऊ भावाचं काय करतो ते त्याचं त्यानं बघावं. दुसरी प्रत फाइलला लावत असताना फोन वाजला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

‘बाई, उघडून नाई राह्यलं,’ दादा म्हणाले. ‘बदलला का तू?’

‘हो, दादा.’

‘बरं केलं. नवा सांग.’

आवाजात राग नव्हता. दीड वर्षापूर्वी होता तसाच मायेचा, घाईचा आवाज. तिच्यासमोर शेवटचं पान होतं, सही-शिक्क्याची चौकट रिकामी.

‘नाई सांगत, दादा.’

मग तो प्रश्न आलाच.

‘काऊन वं? माह्यावर भरोसा नाई का तुले?’

‘नाई,’ योगिनी म्हणाली, आणि ते रिकाम्या चौकटीचं पान तसंच फाइलला लावलं.