पोथ्यांचं औषध

सेतुरामांनी तंजावुरातल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या चौतीस वर्षं सांभाळल्या. वेखंड, लवंग, मिरी आणि कापूर कुटायचा, पुरचुंडी बांधून पोथीजवळ ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी बदलायची. त्यांच्या कपाटात कधी कसर शिरली नाही. सेतुरामांना पाहून झुरळसुद्धा नमस्कार करून परत फिरतं, असं आम्ही गल्लीतले लोक त्यांना चिडवायचो.

त्यांची नात हरिता नऊ वर्षांची. गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला होता. पुन्हा झाला तर जास्त भारी पडेल, दिवसाच्या डासांपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हरिताच्या आईने, म्हणजे सेतुरामांच्या मुलीने वाणीने, औषधाच्या दुकानातून डासांचं मलम आणून दिलं आणि ती कामावर जाऊ लागली. शाळेचा वेळ सोडला तर दिवसभर नात आजोबांकडे.

"हें रसायन कोण पोरीच्या अंगाला लावील?" सेतुराम मला म्हणाले आणि ती नळी त्यांनी फळीवर ठेवून दिली. मग वेखंड आलं, कडुनिंब आला, निर्गुडीचा पाला आला. इकडे तिला नोच्ची म्हणतात, कुंपणाला कुठेही मिळते. सगळं खोबरेल तेलात उकळून त्यांनी बाटली भरली.

परीक्षाही घेतली. ओट्यावर आम्ही दोघं बसलो, त्यांच्या एका हाताला तेल, दुसरा कोरडा. कोरड्या हाताला पाच डास चावले, तेलाच्या हाताकडे एकही फिरकला नाही. अर्ध्या तासाने आतून कॉफी आली, आम्ही उठलो आणि परीक्षा संपली. "सेतुराम, तुम्ही धन्य!" असं मी म्हणालो होतो. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते.

रोज सकाळी शाळेला निघताना ते हरिताला नखशिखांत तेल चोपडत. संध्याकाळी ती मैदानात घामाघूम होऊन खेळे, तेव्हाही त्यांच्या जिवाला घोर नसे. सकाळी लावलं होतं ना!

इकडे दिवाळीनंतरही मोठा पाऊस असतो, त्या पावसात तिला ताप भरला. तपासणीत पुन्हा डेंग्यूच निघाला.

दवाखान्यात वाणीने विचारलं, "अप्पा, दिवसाला किती वेळा लावत होतां?"

"सकाळी एकदा लावलों."

"आणि मी दिलेलं मलम?"

"फळीवर आहे." वाणी वळून हरिताचं पांघरूण सारखं करू लागली. ती रागावून चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच ओट्यावर बसलेले दिसले. हाताला तेल, समोर घड्याळ. मी गेलो तर म्हणाले, "चाळीस मिनिटं. मग हा बसला." मनगटावर डास रक्त पीत होता, आणि ते त्याला हाकलत नव्हते. "पोथी जागची हलत नाही हो. तिला घाम येत नाही. हें मला अस्क, सगळं, ठाऊक होतं." परीक्षेच्या दिवशी मीही अर्ध्या तासावरच कॉफीला उठलो होतो.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. प्लेटलेट कालच्यापेक्षा कमी झाल्या होत्या. नर्सबाईंनी खाटेला मच्छरदाणी लावली आणि बजावलं, हिला आता डास चावता कामा नये, तोच डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या कुणाला चावला तर त्यालाही ताप येईल. सेतुरामांनी खिशातून वाणीची नळी काढली. तिचं सील अजून फोडलेलं नव्हतं. ते त्यांनी फोडलं, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, घड्याळ पाहिलं आणि हरिताच्या पायाला मलम लावू लागले.

हरिताने डोळे उघडले. नाक मुरडून म्हणाली, "ताता, हें नको. तुमचं तेल लावा ना."