डंखाचा टायमर
भाजक्या मिरचीचा खाट नाकात गेला की लालबागचा तो डंख, म्हणजे मसाला कांडायची गिरणी, आठवतो. मसाला कांडणारे लोखंडी मुसळ थांबले की मालकीणबाई उखळात हात घालून मिरची खालीवर करत. गल्ल्यावरून मालक विचारत, "हात?" "बाहेर!" ऐकल्यावरच बटण दाबत. मग टायमर बसला आणि मुसळ आपोआप थांबू, सुरू होऊ लागले. एका दुपारी मी समोर उभा असताना, मुसळ थांबलेले असताना मालकीणबाईंची बांगडी उखळाच्या कडेत अडकली. मालकांनी निव्वळ सवयीने विचारलं, "हात?" "अहो, आत आहे!" मालकांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. हात सोडवत त्या म्हणाल्या, "विचारा तुमच्या टायमरला, भाकऱ्या थापेल का!" कालच तिथून मसाला कांडून आणला. टायमर आता डंख फक्त थांबवतो. सुरू करायचं बटण मालकच दाबतात, आणि त्याआधी हाक येते, "हात?"